खुलभर दुधाचा हिशेब

जूनचा दुसरा आठवडा आला की महाराष्ट्रातील शाळांची कुलपे निघू लागतात, नव्या वह्यापुस्तकांचा वास घरोघर दरवळू लागतो आणि त्याच सुमारास, ११ जून रोजी, साने गुरुजींची पुण्यतिथी येते. कोठे तसबिरीला हार घातला जातो, कोठे 'श्यामची आई'तील एखादे प्रकरण वाचून दाखविले जाते. मातृप्रेम, त्याग, सेवा हे शब्द भाषणांतून पुनःपुन्हा कानी पडतात. परंतु १९५० साली त्या दिवशी नेमके काय घडले, याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. अवघ्या महाराष्ट्राला गोष्टी सांगून धीर देणाऱ्या या माणसाने, वयाची एक्कावन्न वर्षेही पुरी झाली नसताना, आपल्याच हाताने आपले जीवन संपविले. लहान मुलांसमोर हे कसे सांगावे, हा शिक्षकांचा संकोच समजण्याजोगा आहे. मोठ्यांनीही याविषयी मौन पाळावे, हे मात्र बरे नव्हे. कारण त्या मौनाखाली एक प्रश्न दडलेला आहे आणि तो एकट्या गुरुजींपुरता मर्यादित नाही. इतरांना सावरणाऱ्याने स्वतःला कसे सावरावे? आणि या कामी गोष्ट माणसाच्या कितपत उपयोगी पडते?

तुरुंगातील रात्री

प्रथम गोष्टीच्या सामर्थ्याविषयी. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वर्गात शिकविणे आणि छात्रालयातील मुलांची आईच्या मायेने देखभाल करणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंग हे जणू त्यांचे दुसरे घर झाले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी अठरा प्रवचने झाली. गुरुजींनी ती टिपून घेतली नसती, तर 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज मराठीत नसता. पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, 'श्यामची आई' कागदावर उतरली.

त्या वेळी गुरुजींच्या आईला जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली होती. शिक्षणासाठी दूर राहिलेल्या मुलाला आईची अखेरची भेट घडली नव्हती. हे शल्य उरात घेऊन तेहतीस वर्षांचा एक कैदी लिहावयास बसतो आणि जे लिहितो ते आत्मचरित्राच्या ओळखीच्या घाटात बसत नाही. तो स्वतःला श्याम हे दुसरे नाव देतो. पुस्तकाचे भाग पाडताना 'प्रकरण' हा शब्द टाळून 'रात्र' हा शब्द योजतो. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपली आहे, सोबती भोवती बसले आहेत आणि श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो आहे, अशी ती मांडणी आहे.

या मांडणीत मनाला सावरण्याचे तीन उपाय सहजगत्या आले आहेत. आपल्या दुःखाला दुसरे नाव दिले की ते हातभर अंतरावर ठेवून पाहता येते. ऐकणारे भोवती आहेत असे मानले की ते एकट्याचे राहत नाही. आणि एका रात्री एकच आठवण, एवढे पथ्य पाळले की साऱ्या आयुष्याचे ओझे एकदम अंगावर कोसळत नाही. गुरुजींनी हे कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकातून घेतले नव्हते. आजीने नातवंडांना सांगितलेल्या गोष्टीतही हेच तीन उपाय असतात.

पुढे अर्धशतकाने अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी याच दिशेने एक प्रयोग केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक प्रसंगाविषयी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, लिहावयास सांगितले होते. लिहून उठताना त्यांना अधिकच उदास वाटले. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम माफकच आढळला, हेही सांगितले पाहिजे. तथापि दुःखाला शब्द दिल्याने माणूस थोडा हलका होतो, या जुन्या अनुभवाला त्याने दुजोरा दिला, यात शंका नाही.

कहाणीचा आधार

लिहिता न येणाऱ्यांनाही हा आधार आपल्याकडे दीर्घकाळ मिळत आला आहे. श्रावणातल्या कहाण्या म्हणजे निव्वळ व्रतवैकल्यांची जाहिरात, असा समज सुशिक्षितांमध्ये रूढ आहे. वस्तुतः त्या कहाण्यांतून घरातल्या बाईने आपली कित्येक दुःखे बोलून घेतली आहेत. शुक्रवारच्या कहाणीतील गरीब बहीण मुलाबाळांना घेऊन श्रीमंत भावाच्या घरी जेवावयास जाते आणि अंगावर धड वस्त्र नाही म्हणून पंक्तीवरून उठविली जाते. पुढे तिला बरे दिवस येतात, तोच भाऊ तिला सन्मानाने बोलावतो आणि ती पानातील एकेक पक्वान्न आपल्या दागिन्यांवर ठेवू लागते. कारण हे जेवण आपल्याला नसून दागिन्यांना आहे, हे तिने ओळखलेले असते. ज्या बाईला माहेरी अपमान गिळावा लागला आणि ज्याविषयी चकार शब्द काढण्याची सोय नव्हती, तिने ही कहाणी ऐकताना काय अनुभवले असेल, याची कल्पना करता येते. तिचा भाऊ सुधारला नसेल, तिला दागिनेही मिळाले नसतील. परंतु आपल्यावर अन्याय झाला, हे जगाला ठाऊक आहे, एवढे तरी तिला त्या कहाणीने सांगितले. अन्याय झाला हे कोणीतरी कबूल करणे, ही सांत्वनाची पहिली पायरी होय.

'श्यामची आई'च्या लाखो वाचकांचा अनुभव याहून वेगळा नाही. त्यातील अळणी भाजीचा प्रसंग बहुतेकांना आठवतो. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील अवाक्षर न काढता ती भाजी जेवतात, कारण राबणाऱ्या बाईचे मन दुखवू नये. एवढासा प्रसंग, पण गावाकडून शहरात येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करणाऱ्या कारकुनाने तो वाचला, तेव्हा आपल्या घरच्या गरिबीकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटली. ज्या घराची त्याला चारचौघांत लाज वाटत होती, त्या घरातही काही थोर होते, हे त्याला उमगले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना गोष्टीने जे द्यावयाचे ते दिले होते. गोष्ट सांगणारा मात्र तीन वर्षांपूर्वीच निघून गेला होता.

दिव्याखालचा अंधार

येथेच थांबून विचार करावयास हवा. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. पुढील वर्षाच्या आरंभी गांधीजींचा खून झाला, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. याच्या जोडीला व्याख्याने, दौरे, मुलांसाठी गोष्टी आणि पुतणीला लिहिलेली ती सुंदर पत्रे. देण्यात खंड नव्हता. अखेरच्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले होते, हे ठामपणे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणा एका कारणाकडे बोट दाखविणे हा तर त्यांच्यावर अन्यायच ठरेल. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की, ज्या माणसाने हजारोंना जवळ घेतले, त्याच्या वेदनेपर्यंत वेळेवर पोहोचणे कोणालाच जमले नाही.

म्हणूनच गोष्टीच्या सामर्थ्याबरोबर तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे. गोष्ट सोबत करते, धीर देते, एक रात्र पार पाडते. परंतु मनाला जडलेला आजार केवळ गोष्टीने बरा होईल, अशी अपेक्षा करणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी अभंग म्हणून वैद्याला न बोलावण्यासारखे आहे. अभंगही हवा आणि वैद्यही हवा. शिवाय जो रोज दुसऱ्यांना गोष्टी सांगतो, त्याची स्वतःची गोष्ट ऐकणारेही कोणी असावे लागते.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की, गुरुजींच्या मृत्यूला त्यागाचा मुलामा देण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यांचे जीवन त्यागाचे होते. मृत्यू हा मात्र त्याग नव्हता, ती एक शोकांतिका होती. संवेदनशील माणसाचा शेवट असाच व्हावयाचा, असे कोवळ्या वयातील वाचकाच्या मनावर ठसले, तर गुरुजींनी ज्या मुलांसाठी लेखणी झिजविली त्यांच्यावरच तो आघात होईल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी आत्महत्या केली. त्यांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थी होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. असे असताना हा विषय केवळ हळवेपणाने हाताळणे परवडणारे नाही.

झिजण्याचे कौतुक

आपल्या समाजाला झिजण्याचे फार कौतुक आहे. शिक्षकाच्या सत्काराचे भाषण चंदनाच्या खोडावाचून पुरे होत नाही. आईविषयीचे निबंध मेणबत्तीने सुरू होतात आणि मेणबत्तीनेच संपतात. चंदन झिजते हे खरे. पण झिजून झिजून ते संपतेही, हे त्या भाषणात कोणी बोलत नाही. वर्गातील अध्यापनाबरोबर निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, आणि अलीकडे मोबाईलवरून रात्रीअपरात्री मागविली जाणारी माहिती यांखाली शिक्षक वाकून गेला आहे. दोन रिकाम्या खुर्च्यांचे काम एका खुर्चीत बसून उरकणारा लिपिक शेवटची लोकल गाठतो. परीक्षेच्या शर्यतीत उतरलेला विद्यार्थी झोपेला शत्रू समजतो. आणि घरातली बाई सर्वांची पाने वाढून झाल्यावर भांड्यात जे उरेल त्यावर भागवते. यांपैकी कोणी क्षणभर विसावा घेतला, तर त्याला स्वतःलाच अपराधी वाटते. स्वतःकडे पाहणे म्हणजे स्वार्थ, अशी शिकवण हाडीमासी मुरली आहे.

गंमत अशी की, ही शिकवण आपल्या परंपरेने दिलेली आहे, असे आपण समजतो. परंपरा नीट वाचली तर निराळेच दिसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला जसा योग नाकारला आहे, तसाच तो मुळीच न खाणाऱ्यालाही नाकारला आहे. अति झोपणाऱ्याबरोबर अति जागणाऱ्यालाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागृती यांचे योग्य प्रमाण हाच दुःख हरण करणारा मार्ग सांगितला आहे. माणूस स्वतःच स्वतःचा मित्र होऊ शकतो आणि स्वतःच स्वतःचा शत्रूही, हा इशाराही त्याच अध्यायातला. धुळ्याच्या तुरुंगात गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत या अध्यायावरील प्रवचनही होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आणि श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर घरोघर ठाऊक आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, असे राजाच्या मनात येते. दवंडी पिटली जाते: ज्याच्या घरी जेवढे दूध असेल तेवढे देवळात आणून ओतावे. धाकाने लोक सारे दूध नेतात. घरात लेकरांना थेंब उरत नाही, गोठ्यात वासरांना उरत नाही. आणि एवढे करूनही गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने आधी घरातल्या लहानथोरांना तृप्त केलेले असते, गाईवासरांना पोटभर दिलेले असते. उरलेले खुलभर दूध ती भक्तिभावाने पिंडीवर वाहते आणि गाभारा काठोकाठ भरतो.

कहाणी सांगणाऱ्या पिढ्यांनी यातला राजा ओळखला होता. आज तो राजा अनेक रूपांनी भेटतो. कधी तो वरिष्ठांच्या परिपत्रकातून बोलतो, कधी गुणपत्रिकेतून, कधी नातेवाइकांच्या अपेक्षांतून. पुष्कळदा तर तो आपल्याच मनाच्या गादीवर बसून दवंडी पिटत असतो: आहे तेवढे सारे आणून ओत, स्वतःसाठी थेंब राखू नकोस. अशा ओतण्याने गाभारा भरत नाही, ही साधी गोष्ट कहाणीने केव्हाच सांगून ठेवली आहे. घरातील तान्ह्याला आणि गोठ्यातील वासराला उपाशी ठेवून केलेले दान देवालाही रुचले नाही. आपला देह आणि आपले मन हीदेखील आपल्याच आश्रयाला असलेली लेकरे आहेत, हे मात्र आपण विसरतो.

ताटीबाहेरचा आवाज

हल्ली 'सेल्फ-केअर' हा शब्द शहरांत बराच ऐकू येतो. बाजाराने त्याचा अर्थ सुगंधी तेले, महागडी विश्रामगृहे आणि त्यांची छायाचित्रे एवढाच करून ठेवला आहे. ज्याच्या पगाराला महिन्याची वीस तारीख गाठताना धाप लागते, त्याने या शब्दाकडे पाठ फिरविली तर नवल नाही. परंतु स्वतःची खरी काळजी घेण्यास पैसा फारसा लागत नाही; धैर्य मात्र लागते. वेळेवर जेवणे, पुरेशी झोप घेणे, पेलणार नाही त्या कामाला नम्रपणे नकार देणे, आठवड्यातील एक संध्याकाळ कोणाच्याही उपयोगी न पडता घालविणे, झोपण्यापूर्वी दहा पाने वाचणे अथवा दहा ओळी लिहिणे, या त्यातील काही गोष्टी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. तेव्हापासून कामावरून परतताना वाचनालयात डोकावून पुस्तक बदलून घेणाऱ्या नोकरदारांच्या कित्येक पिढ्यांनी ही काळजी, तिला कोणतेही नाव न देता, घेतली होती.

अर्थात सारा भार व्यक्तीवर टाकून मोकळे होणेही अन्यायाचे ठरेल. रात्री दहा वाजता माहिती मागविणाऱ्या कचेरीने शिक्षकाला ध्यानधारणेचा उपदेश करावा, हे हास्यास्पद आहे. रिक्त जागा भरणे, कामाच्या वेळा पाळणे, शाळेत मुलांचे ऐकून घेणारा समुपदेशक असणे, ही दयेची नव्हे, तर कर्तव्याची बाब होय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या बाबतीत एक मोठे पाऊल उचलले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, उलट तिला शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे हा कायदा मानतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही दूरध्वनी करता येतो. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर आणि कचेरीच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

तरीही कायदा आणि क्रमांक दारापर्यंतच येऊ शकतात. दार ठोठावण्यास माणूसच लागतो. लोकांच्या निंदेने उद्विग्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली, अशी परंपरागत कथा आहे. ताटीचे अभंग या प्रसंगीचे मानले जातात. ज्याला सारे जग माउली म्हणते, त्यालाही ताटी लावून बसावेसे वाटले, हे त्या कथेने लपविले नाही. आणि ती ताटी उघडावयास एखादा पंडित नव्हे, वयाने लहान अशी बहीण पुरे पडली, हेही नोंदवून ठेवले. सदैव हसतमुख असणारे मास्तर हल्ली गप्प का असतात, शेजारच्या टेबलावरील सहकारी डबा न उघडताच घरी का नेतो, अभ्यासू मुलगी वही मिटून खिडकीबाहेर का पाहत बसते, हे विचारण्यास कोणतीही पदवी लागत नाही. थोडे थांबून, उत्तर येईपर्यंत तेथे उभे राहावे लागते, इतकेच.

यंदाच्या ११ जूनला शाळाशाळांतून पुन्हा 'श्यामची आई' वाचली जाईल आणि ती वाचलीच पाहिजे. वाचन संपल्यावर मुख्याध्यापकांनी मुलांना घरी पाठवावे आणि मग शिक्षकांच्या खोलीत चहा मागवून, हजेरीपत्रक बाजूला सारून, एकमेकांना एवढेच विचारावे: तुमचे कसे चालले आहे? हा प्रश्न १९५० च्या जूनपूर्वी कोणी गुरुजींना पुरेशा वेळा विचारला होता की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण आज तो विचारण्यापासून कोणी कोणाला अडविलेले नाही.